लिहिताना समोर कोण बसले होते?

संमेलनाचा मांडव असो की तालुक्याच्या वाचनालयाचा वर्धापनदिन, लेखकाची प्रकट मुलाखत रंगात येण्याआधी एक प्रश्न हमखास येतो: लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली? लेखक आईचे नाव घेतो, शाळेतल्या गुरुजींचे घेतो, गावच्या नदीचे घेतो. टाळ्या पडतात. मागच्या रांगेत वही उघडून बसलेल्या नवोदिताच्या पदरात मात्र काहीच पडत नाही, कारण ती आई, ते गुरुजी आणि ती नदी त्याची नसते.

लेखकांनी आपल्या लेखनाविषयी बोलूच नये, असे मात्र मला वाटत नाही. प्रस्तावना, मुलाखती, पत्रे, आठवणी यांत कसबाच्या पुष्कळ गोष्टी दडलेल्या असतात. नेमके काय विचारायचे आणि काय उचलायचे, हे ठाऊक हवे एवढेच. ‘पॅरिस रिव्ह्यू’ या नियतकालिकाने 1953 साली पहिल्याच अंकापासून लेखकांच्या दीर्घ मुलाखती छापायला सुरुवात केली. त्याच मालिकेत पुढे हेमिंग्वेने सांगितले, की ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चा शेवट आपण 39 वेळा लिहिला. ऐकणाऱ्याला ही लेखकाची फुशारकी वाटावी. पण 2012 साली त्या कादंबरीची जी आवृत्ती निघाली, तिच्यात हस्तलिखितांमधून गोळा केलेले 47 शेवट छापले आहेत. लेखकाने आकडा कमीच सांगितला होता. एरवी उलटेच होते. म्हणून लेखक काय सांगतो ते ऐकावे आणि मग त्याच्या कागदाशी ताडून पाहावे.

हे ताडून पाहण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा मिळणे कठीण. सरकारदरबारी नाव बदलले तरी एसटीच्या रांगेत लोक अजून ‘नगर’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. नेवासे, ताहाराबाद, शिर्डी, नगरचा किल्ला, अकोले, संगमनेर ही या एकाच जिल्ह्यातली ठिकाणे. इथे ज्यांनी लिहिले, किंवा इथली माती घेऊन ज्यांनी लिहिले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपण कसे आणि का लिहितो हे लिहितालिहिताच सांगून ठेवले आहे. त्यांचे काळ वेगळे, धर्म वेगळे, जाती वेगळ्या. तरी त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. आपण कोणाला सांगतो आहोत, हे प्रत्येकाने आधी ठरवले होते, आणि पुस्तकाचा घाट त्या ठरवण्यातून आला होता.

सुरुवात अर्थातच नेवाशापासून. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. ग्रंथ सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला, अशी नोंद अखेरच्या ओवीत आहे. म्हणजे हे आधी बोलणे आणि मग लेखन. भक्तीच्या ओघात आपण हे विसरतो. कसबाच्या नजरेने पाहिले तर ज्ञानेश्वरी म्हणजे सतत श्रोत्यांकडे पाहत केलेले बोलणे आहे. नववा अध्याय अवधान मागण्यापासून सुरू होतो. सहाव्या अध्यायाच्या आरंभी वक्ता आपल्या शब्दांचे गुण सांगतो: ते असे असतील की ऐकताना कानांना जिभा फुटतील आणि इंद्रिये आपापसांत भांडू लागतील. कोणी याला कविसुलभ अतिशयोक्ती म्हणेल. मला ती कामाची यादी वाटते. पुढे जी दृष्टान्तांची रांग लागते, तिच्यात एकच कल्पना कधी डोळ्यांना दिसते, कधी स्पर्शाला कळते, कधी चवीने. आधी दावा केला आणि मग तो ओवी-ओवीला फेडला.

तेराव्या अध्यायात अहिंसेचे वर्णन करताना ज्ञानदेव फार लांब जातात. पाऊल कसे टाकावे, पाहावे कसे, हात कसा उचलावा. मग त्यांच्याच लक्षात येते की विषय पसरला, आणि इतका विस्तार का केला याचे कारण ते श्रोत्यांपुढे मांडतात. चौदाव्याच्या आरंभी गुरूची स्तुती रंगलेली असताना निवृत्तिनाथच थांबवतात आणि मूळ ग्रंथाकडे वळायला सांगतात. हे सगळे ग्रंथात राहू दिले आहे. आजचा संपादक अशा जागांवर लाल रेघ मारेल. त्या रेघेने ग्रंथ चार ओव्यांनी आटोपशीर झाला असता आणि सभा मात्र उठून गेली असती. समोरचा कंटाळतो आहे का, हे वाक्यागणिक तपासणारा हा वक्ता परंपरेच्या हिशेबाने पंधरा वर्षांचा होता. त्या वयाकडे नुसते चमत्कार म्हणून पाहिले की कारागिरी नजरेआड होते.

राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती हे दुसरे उदाहरण, आणि माझ्या मते फारच कमी वापरले गेलेले. 1715 ते 1790 हा त्यांचा काळ. ते गावचे कुलकर्णी. पूजेत असताना जहागीरदाराच्या शिपायाने बोलावून नेले, परत आल्यावर त्यांनी यापुढे ही लेखणी चाकरीसाठी धरायची नाही असे ठरवले, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी ते जाऊ द्या. ‘भक्तिविजय’ हा त्यांचा ग्रंथ 1762 चा, 57 अध्यायांचा. त्याच्या आरंभीच महिपती सांगून टाकतात की हे माझ्या मनचे नाही: उत्तरेकडे नाभाजींनी संतचरित्रे लिहिली, माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिली, त्या दोन्हींच्या आधाराने मी हा ग्रंथ रचतो आहे. आपला आधार कोणता, हे सांगण्याची अशी काळजी अठराव्या शतकात का घ्यावी लागली? कारण महिपतींचा श्रोता गावोगावचा. देवळात, पारावर पोथी वाचली जाणार, आणि ऐकणाऱ्यांत कोणीतरी विचारणार, हे तुला कोणी सांगितले? त्या माणसाला उत्तर तयार ठेवून महिपतींनी पहिला अध्याय लिहिला. आज ऐतिहासिक किंवा चरित्रात्मक कादंबरी लिहिणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. नगरला 1997 साली झालेल्या सत्तराव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ना. सं. इनामदार होते, ऐतिहासिक कादंबरीकार. त्या मांडवापासून ताहाराबाद काही फार दूर नव्हते.

शिर्डीच्या ‘श्रीसाईसच्चरिता’चा उल्लेख साहित्याच्या चर्चेत सहसा होत नाही. भक्तांचा ग्रंथ म्हणून समीक्षक बाजूला ठेवतात आणि समीक्षकांना नको म्हणून लेखकही वाचत नाहीत. पण त्याचे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोळकर, वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट, पहिल्या दोन अध्यायांत एक हुशारी करतात. आपल्याला आधी शिर्डीला जायचेच नव्हते, हे ते सांगतात. मित्राचा मुलगा गुरू जवळ असूनही वाचला नाही, मग गुरूचा उपयोग काय, असा प्रश्न मनात होता. शिर्डीत पोचल्यावरही गुरू हवाच कशाला यावर त्यांनी वाद घातला, आणि त्या वादातूनच त्यांना हेमाडपंत हे नाव चिकटले. ग्रंथ भक्तांसाठी लिहिला आहे, पण दाभोळकरांनी पुढच्या रांगेत एक शंकेखोर बसवला आहे आणि तो शंकेखोर ते स्वतः आहेत. त्या एका माणसामुळे साईबाबांनी जात्यावर गहू दळून पीठ गावाच्या शिवेवर टाकायला लावण्याचा प्रसंग नुसत्या चमत्कारकथेसारखा वाचला जात नाही.

आता नगर शहर. रेव्हरंड ना. वा. टिळक इथे राहिले. 1842 साली नगरहूनच सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’शी त्यांचा संबंध होता. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी येऊन राहिले. त्या घरात कविता कशी करावी यावर भरपूर बोलणे होत असणार. एक नामांकित कवी, दुसरा होऊ घातलेला. आणि स्वयंपाकघरात तिसरी व्यक्ती, जिला धड शाळा मिळालेली नव्हती. मराठी गद्याच्या इतिहासात आज सर्वांत वर जे पुस्तक ठेवावे लागते, ते त्या तिसरीचे आहे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आली. टिळक 1919 साली वारले होते. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राची सामग्री जमवत होता आणि आईच्या आठवणी त्यासाठी हव्या होत्या. पुस्तकाचा स्वर या एका गोष्टीने ठरला, असे मला ठामपणे वाटते. ऐकणारा घरचा आहे. त्याला वडील ठाऊक आहेत, त्यांचा विसरभोळेपणा, त्यांचा संताप, खिशात पैसा न टिकणे, सारे ठाऊक आहे. त्याच्यापुढे सोंग चालत नाही आणि त्याची गरजही नाही. पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाईंचे वडील येतात. सोवळ्याचे वेड इतके, की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. त्या वेडामागे 1857 नंतर घरात झालेली एक फाशी आहे. लक्ष्मीबाईंचे आजोबा, आईचे वडील, फासावर गेले होते. एवढी काळी गोष्ट लक्ष्मीबाई अशा सुरात सांगतात की वाचणारा आधी हसतो आणि मग दचकतो. आज कोणी हाच प्रसंग ‘आघात’ वगैरे शब्द वापरून लिहील आणि दोन पानांत संपवील. लक्ष्मीबाई मिठाची परात दाखवतात आणि पुढे जातात. त्यांनी कसबावर वेगळे प्रवचन दिलेले नाही. पण टिळकांनी अर्धवट ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’चा उरलेला, मोठा भाग त्यांनी ओवीत पूर्ण केला, म्हणजे छंदोबद्ध रचना त्यांना परकी नव्हती. स्वतःची गोष्ट सांगताना त्यांनी ती भरजरी वाट सोडली आणि बोलण्याची धरली. ही निवड होती. तिला ‘सहजता’ म्हणून मोकळे होणे हा त्या बाईंवर अन्याय आहे.

किल्ल्यात गेलो की भाषा बदलते. 9 ऑगस्ट 1942 रोजी धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत तिथेच लिहिले. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात लिहिण्याविषयीच बरेच काही आहे. बाग करण्यासाठी खणता खणता जुन्या बांधकामाचे अवशेष लागू लागले. ते काम पुढे जाईना, म्हणून कुदळ ठेवून लेखणी घेतली, आणि याचीही गत त्या खणण्यासारखीच होईल की काय अशी शंका ते व्यक्त करतात. भूतकाळाबद्दल लिहिणे हा त्याचे ओझे उतरवण्याचा मार्ग, हे ग्योटेचे मतही ते तिथे आणतात. नवोदिताने मात्र प्रस्तावनेतला दुसराच मुद्दा पाहावा. नेहरू आपल्या अकरा सोबत्यांचे आभार मानतात. त्या अकरा जणांत संस्कृत, पाली, अरबी, फारसी जाणणारे होते, आणि हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, उडिया बोलणारेही होते. त्यांतले मराठी शंकरराव देव. आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे ऋण ते वेगळे नोंदवतात. संदर्भग्रंथ मर्यादित होते, पण चूक झाली तर जेवणाच्या वेळी पकडणारी माणसे होती. इतका जाणता श्रोतृवर्ग बाहेर असताना नेहरूंनाही मिळाला नसता. पुस्तकात जो सावध, वादाला तयार असलेला सूर आहे, तो मला त्या भोजनगृहातून आलेला वाटतो.

त्याच इमारतीत मौलाना आझाद अगदी उलट मार्गाने गेले. ‘गुबार-ए-खातिर’ हा त्यांचा पत्रसंग्रह 1946 साली आला. पत्रे मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली आहेत, पण कैदेतून ती धाडता येत नव्हती. मौलाना पहाटे उठत, स्वतः चहा करत, दूध न घातलेला चिनी चमेलीचा चहा, आणि लिहायला बसत. एका पत्रात तो चहा आहे, एकात खोलीत शिरणाऱ्या चिमण्या, एकात संगीत. 1943 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पत्नी वारल्या, त्यावरचे पत्रही आहे. मुलाखतीतून शिकणारे बहुतेक जण इथे पहाट आणि चहा उचलतील. मौलानांचा चहा पिऊन कोणी मौलाना होणार नाही. उचलण्याजोगी आहे ती युक्ती: ओळखीचा, रसिक, पण उत्तर देऊ न शकणारा एक माणूस समोर धरायचा. तो मध्ये बोलत नाही म्हणून चहावरून ईश्वरावर जाता येते, आणि तो जाणकार आहे म्हणून सैल वाक्य लिहायची लाज वाटते.

या सगळ्यांत सर्वांत अवघड निवड दया पवारांची. जन्म 1935 चा, अकोले तालुक्यातल्या धामणगावचा. ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह 1974 साली आला होता, नाव झाले होते. 1978 साली ग्रंथालीने ‘बलुतं’ काढले. आत्मचरित्र, पण ‘मी’ सरळ बोलतच नाही. दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवार नावाच्या माणसाला आपली कहाणी सांगतो. दोघे एकच आहेत हे वाचकाला पहिल्या पानांतच कळते. मग हा खटाटोप कशाला?

पुस्तकातला मजकूर आठवून पाहा. गावचा महारवाडा, मुंबईचा कावाखाना, वडिलांची वाताहत, स्वतःच्या संसाराची पडझड, स्वतःची भित्री आणि हलकी बाजू. हे ‘मी’ने सरळ वाचकाला सांगितले असते तर दोनच सूर हाती होते: तक्रारीचा किंवा कबुलीचा. दगडू सांगतो आणि दया ऐकतो म्हटल्यावर तिसरा सूर मिळतो. ऐकणारा दया शिकलेला आहे, नोकरदार आहे, कवी म्हणून मांडवात बसणारा आहे. त्याच्यापुढे दगडू बिचकतो, चिडतो, मध्येच त्याची टिंगलही करतो. दगडूला दया सहानुभूती दाखवणार नाही, कारण स्वतःबद्दल सहानुभूती वाटली तर त्याचीच त्याला लाज वाटेल. मराठी मध्यमवर्गीय वाचक या दोघांच्या बाजूला बसून ऐकतो. त्याला कोणी बोलावलेले नाही, म्हणून त्याची दया घ्यायचा प्रश्न येत नाही. पुस्तक आल्यावर समाजातल्याच काहींना राग आला, की ही लक्तरे वेशीवर का टांगली. तो राग समजण्यासारखा होता. पण दगडूने ती वेशीवर टांगली नव्हती, दयाला दाखवली होती. ‘बलुतं’नंतर आत्मकथनांची रांग लागली. त्यांतल्या अनेकांनी ‘बलुतं’चे धाडस घेतले आणि ही रचना सोडून दिली. फरक वाचताना कळतो.

संगमनेरला पदार्थविज्ञान शिकवलेले रंगनाथ पठारे यांच्याविषयी थोडक्यात. ‘ताम्रपट’ला 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतरची त्यांची मोठी कादंबरी ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही 2019 ची, श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाची. कुलवृत्तांत हा मुळात घराण्याने घराण्यासाठी छापायचा दस्तऐवज, आणि तो बहुतेक कोकणस्थ घराण्यांनी छापला. पठाऱ्यांनी तो आकार शेतकरी मराठा घराण्याला दिला आणि कैक शतके मागे नेला. भाऊबंदांना वाचून दाखवायची चीज जगापुढे ठेवली की भाऊबंद काय म्हणतील, ही धाकधूक त्या आकारातच बसलेली आहे.

एक सावधगिरी. लेखक सांगतो त्यातला सर्वांत चटपटीत भाग बहुधा सर्वांत निरुपयोगी असतो. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ गावी बसून फार थोड्या दिवसांत लिहिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेव्हापासून किती तरुण गावी जाऊन पंधरा दिवस दार लावून बसले असतील, आणि तंगड्या आखडून परत आले असतील. त्यांनी दिवस मोजले. ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर कोणत्या मित्रासमोर बसून इतका बडबडतो आहे, हे त्यांनी पाहिले नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गावच्या वाचनालयात एखादा लेखक आला, तर प्रेरणेचा प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी विचारू द्या. तुम्ही विचारा: हे लिहिताना समोर कोण होते? आई, वैरी, मेलेला मित्र, गावचा सरपंच, की कोणीच नाही? लेखक गोंधळला तर हरकत नाही, बहुतेक जण गोंधळतील. उत्तर मिळाले की घरी जाऊन त्याच्या पुस्तकाची पहिली दहा पाने उघडा आणि तो माणूस तिथे बसलेला दिसतो का ते बघा. मग स्वतःचा कागद घ्या आणि त्याच्यावरही हीच तपासणी करा.